खिळ्यावरची किल्ली

बहरीनमध्ये शांतता हवी असेल तर घाम गाळावा लागतो. हे मी शब्दशः सांगतो आहे. उन्हाळ्यात इथे एसीशिवाय बसवत नाही, आणि एसी चालू असेल तर शांतता नाही. घरी आपल्याला त्याचा आवाज जाणवत नाही, कारण कानाने त्याचा नाद कधीच सोडलेला असतो. मायक्रोफोनला तसं करता येत नाही. त्याला एसीची घरघर, फ्रीजची गुणगुण आणि वाजवणाऱ्याच्या पोटातली गुडगुड ही सगळी सारखीच प्रिय. म्हणून रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी कुणीतरी उठून एसी बंद करायचा आणि संपल्यावर परत लावायचा. मीना सलमान बंदराच्या एका गोदामात सव्वीस वर्षं तो ‘कुणीतरी’ मी होतो.

संपादकांनी फोनवर सांगितलं, “तायडे, तुमचे जॅझचे अनुभव लिहा.” मी म्हटलं, “साहेब, जॅझमधलं मला काय कळतं? मी एसीवाला.” ते म्हणाले, “मग एसीचे अनुभव लिहा.” आता नोकरी संपलीच आहे, आणि एक गोष्ट बरीच वर्षं घशात अडकून होती, म्हणून लिहायला बसलो.

बंदराजवळच्या त्या भागात सगळी गोदामं, गॅरेजं आणि वेल्डिंगची वर्कशॉपं. त्यातल्या एका गोदामाला आमच्या बहरीनी मालकांनी आतून लाकूड आणि लोकरीचे जाड थर लावून घेतले आणि त्याचा रेकॉर्डिंगचा हॉल केला. आम्ही त्याला नुसतं ‘हॉल’च म्हणायचो. तिथे जाहिराती व्हायच्या, रमजानच्या कार्यक्रमांची गाणी व्हायची, शाळांची गीतं व्हायची आणि मधूनमधून जॅझचे अल्बम व्हायचे. पोट जाहिरातींवर चालायचं आणि इज्जत जॅझवर.

मी तिथे एसी टेक्निशियन म्हणून लागलो. हॉलमध्ये एक मोठा पियानो होता, कुठल्याशा हॉटेलातून आलेला. तो सुरात लावायला दुबईहून माणूस यायचा. एकदा तो आलाच नाही, आणि वाजवणारा तर येऊन बसलेला. मी म्हटलं, मी बघू का? सगळे हसले. पण माझे वडील भुसावळला गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम असायचे आणि उरलेलं वर्षभर ते आसपासच्या पार्ट्यांच्या पेट्या दुरुस्त करायचे. मी लहानपणी त्यांच्यासमोर बसून सुरांच्या पितळी पट्ट्या धरायचो आणि ते कानशीने एकेक खरवडायचे. “वामन, कान इथं ठेव, डोळे तिथं काय करताहेत?” हे मी त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकलेलं आहे.

पियानोत एका सुराला बहुतेक ठिकाणी तीन तारा असतात. त्या एकमेकींशी जुळलेल्या नसल्या की मधे एक लहर ऐकू येते, वंव-वंव-वंव अशी. पान्यासारख्या हत्याराने खुंटी अगदी किंचित पिळत ती लहर मंद करत न्यायची. ती थांबली की झालं. हे एवढंच आहे, फक्त ते दोनशेच्या वर तारांना करायचं असतं. पहिल्या दिवशी मला सहा तास लागले. त्यानंतर दुबईच्या माणसाला कुणी बोलावलं नाही आणि मी एसी आणि पियानो अशा दोन्ही गोष्टींचा वाली झालो. पगारपत्रकावर मात्र शेवटपर्यंत एसी टेक्निशियनच राहिलो.

या दोन कामांचं आपसात हाडवैर. पियानो म्हणजे लाकूड आणि तार. हवेत दमटपणा वाढला की लाकूड फुगतं आणि सूर हलतात. एसी लावून हवा कोरडी केली की लाकूड आवळतं आणि सूर पुन्हा हलतात. म्हणून हॉलचा एसी दिवसरात्र चालू ठेवायचा, आणि फक्त प्रत्यक्ष वाजवताना वीस मिनिटं बंद करायचा. वीस मिनिटांनंतर हॉल तापायचा आणि पियानो कुरकुर करायला लागायचा. मग मी काचेपलीकडून दोन बोटं दाखवायचो, म्हणजे दोन मिनिटं राहिली, आवरा.

बंद केलेला एसी परत लावायचा विसरलो तर दुसऱ्या दिवशी पियानोचे तीनतेरा. त्यावर मी एक उपाय काढला होता. पियानोसमोरच्या भिंतीवर एसीचा स्विच होता, त्याच्याशेजारी एक खिळा मारला. एसी बंद केला की माझ्या गाडीची किल्ली त्या खिळ्याला अडकवायची. एसी लावल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही आणि किल्लीशिवाय घरी जायचं नाही. इतक्या वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला, आणि तोही नकळत.

जॅझ म्हणजे काय ते मला समजलं तसं सांगतो. आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एकेक जण त्या चालीवर आपल्या मनाने बोलायला लागतो आणि बाकीचे त्याला सांभाळून घेतात. सगळ्यांचं बोलून झालं की परत चालीवर यायचं. गायन पार्टीत वडील दोन कडव्यांच्या मधे पेटीवर असेच भटकून यायचे आणि लोक त्यांची वाट बघत टाळ्या देत राहायचे. त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. अडचण एवढीच की मनाने बोलणाऱ्याला वीस मिनिटं पुरत नाहीत.

त्यावरून भांडणं व्हायची. जनाबियाच्या व्हिलात राहणारा एक इंग्रज सॅक्सोफोनवाला होता. तो घरून स्वतःचे गालिचे आणायचा, कारण आमच्या फरशीचा आवाज त्याला ‘थंड’ वाटायचा. एकदा त्याचं इतकं सुंदर चाललं होतं की माझीसुद्धा दोन बोटं वर उचलवेनात. शेवटच्या लांब सुरावर त्याचं पोट गुडगुडलं. येताना फलाफल खाऊन आला होता. आमचे रेकॉर्डिस्ट जोशी म्हणाले, परत घेऊ. तो म्हणाला, परत कसं घेणार, आता मला तसं वाटत नाहीये. ते पोट आजही त्या अल्बमवर आहे, आणि लोकांना तो बासचा सूर वाटतो.

जोशी पुण्याचे. शिकलेले साउंड इंजिनिअर, कान तिखट आणि जीभही. आम्ही एकमेकांना कायम अहो-जाहो केलं आणि एकमेकांच्या डब्यातलं कायम खाल्लं. त्यांना एकच खोड होती. मोबाईलवर मराठी लिहायचे ते इंग्रजी अक्षरांत. “जेवण झालं का” हे त्यांच्याकडून आलं की आधी मोठ्याने वाचायला लागायचं, मग कळायचं.

आता बू राशिद. इथे माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बू राशिद म्हणजे राशिदचे वडील. ते तीस वर्षं मीना सलमानलाच क्रेनवर होते. जहाजांवरून उतरणाऱ्या खलाशांकडून त्यांनी जॅझच्या तबकड्या घेतल्या, आणि एका हॉटेलच्या पियानोवर सकाळी झाडलोट चाललेली असताना बसून ते हात बसवायला शिकले. गोदीतल्या आपल्या लोकांबरोबर राहून त्यांचं हिंदी पक्कं झालेलं. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे यायला लागले. लहानपणी मुहर्रकला ऐकलेली, मोती काढणाऱ्या गलबतांवरची दोर ओढायची गाणी ते जॅझमध्ये आणत होते. त्यांना एकच अल्बम करायचा होता. जास्त नाही, एकच.

दोन वर्षं त्यांनी प्रयत्न केला. दर वेळी रंग भरायला लागला की माझी दोन बोटं वर. ते पियानोवरून हात उचलायचे आणि म्हणायचे, “दोर अभी पानी में है, और तुम बोलता खलास.” त्यांनी माझं नाव ठेवलं होतं ‘बू मुकय्यिफ’. मुकय्यिफ म्हणजे एसी. एसीचा बाप. हॉलमध्ये सगळे मला त्याच नावाने हाक मारायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांचा डावा हात कापायला लागला. कंपवात. सकाळची गोळी घेतली की दोन-अडीच तास हात ऐकायचा, मग नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे दोन-अडीच तासही कमी होत जाणार. त्यात त्यांच्याबरोबर आठ वर्षं डबल बास वाजवणारा फिलिपिनो रॉडेल, त्याचा हॉटेलशी असलेला करार संपला. ईद झाली की दोन दिवसांत त्याचा व्हिसा संपणार होता. बू राशिदच्या चाली कागदावर कुठेच नव्हत्या. त्या होत्या त्यांच्या हातात आणि रॉडेलच्या डोक्यात. त्यामुळे काय करायचं ते आत्ताच करायला हवं होतं.

हे सगळं त्या आठवड्यात जोशींना माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी मीटर दुरुस्तीच्या भानगडीत अडकलो होतो. मंगळवारी संध्याकाळी मी घरी मासे साफ करत होतो आणि फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून प्रज्ञाला, माझ्या मुलीला, म्हटलं वाच. ती तेव्हा आठवीत होती. मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. मेसेज असा होता: “Eid la band aahe. AC che bagha tevdha.”

ती वाचायला लागली, “ईद ला बँड आहे...”

“बँड काय?” मी म्हटलं. “बंद. ईदला बंद आहे. जरा मराठी वाचत जा, प्रज्ञा. उद्या आपलीच भाषा परकी होईल.”

“व्हॉटेव्हर, बाबा,” ती म्हणाली आणि गेली.

मी त्याच संध्याकाळी हॉलवर गेलो. सुट्टीत हॉल बंद म्हणजे एसीचं काय बघायचं? तो बंद करायचा. केला. किल्ली अडकवायचा प्रश्नच नव्हता, कारण परत लावायचा नव्हता. ऑगस्ट महिना होता.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता जोशींचा फोन आला. “तायडे, लवकर या. हॉलची भट्टी झालीय.”

मी पोचलो तर जोशी घामाने ओले, हातात मायक्रोफोनचा स्टँड. “एसी कधीपासून बंद आहे?”

“मंगळवारपासून.”

“का?”

“तुम्हीच लिहिलंत ना, ईदला बंद आहे म्हणून.”

जोशींनी स्टँड खाली ठेवला. “बँड, तायडे. ईदला बँड आहे. बू राशिद दहा वाजता येताहेत.”

मी फोन काढला. आम्ही दोघं त्या चार अक्षरांकडे बघत उभे राहिलो. बी, ए, एन, डी. आता त्यातून बँडशिवाय दुसरं काही वाचताच येईना. “एसीचं बघा म्हणजे चांगला गार ठेवा,” जोशी हळूच म्हणाले. आठवीतल्या पोरीने बरोबर वाचलं होतं आणि मी तिला मराठी शिकवत होतो.

पियानोवर हात ठेवला. लाकूड कोमट लागत होतं. मधले सूर चढून बसले होते, वरचे भलतीकडेच गेले होते. जोशी एसीच्या स्विचकडे धावले आणि मी त्यांचा हात धरला. जन्मात पहिल्यांदाच मी त्यांच्या अंगाला हात लावून त्यांना अडवलं असेन.

“थांबा. आता एसी लावला तर हॉल गार व्हायला दुपार होईल, आणि पियानो पुढचे दोन दिवस सरकत राहील. लावलेला सूर टिकणार नाही. तीन दिवसांत त्याने या उकाड्यात बैठक मारलीय. तो जिथे बसलाय तिथेच त्याला आपसात जुळवतो. बास त्याच्या सुराला लावून घेईल. आज एसी लावायचाच नाही.”

“माणसांचं काय?”

“माणसं घाम पुसतील.”

मी शर्ट काढला, कपाळाला टॉवेल बांधला, कारण तारेवर घाम पडला तर गंज चढतो, आणि बसलो. दीड तासात इतक्या तारा मी आधी कधी लावल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत. दहाला पाच मिनिटं असताना शेवटची लहर थांबली. मी उठलो, आणि दारात बू राशिद उभे होते. एका बाजूने त्यांची मुलगी मरियम त्यांना धरून. ती शाळेत शिक्षिका, बापाची गोळी, पाणी, जेवण सगळं तिच्या हातात. मागे रॉडेल आणि ड्रमवर बसणारा त्यांचा पुतण्या हमद.

“मुकय्यिफ मफी?” बू राशिदनी विचारलं. एसी नाही?

“मफी, बू राशिद,” मी म्हटलं. “आज पियानो गर्मी में ही ट्यून किया है. एसी का आवाज नहीं, टाइम की कटकट नहीं. जितना लंबा बजाना है, बजाओ.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, “तुम मेरे वास्ते बंद किया?”

खरं सांगायला हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. जोशी माझ्याकडे बघत होते, मरियम माझ्याकडे बघत होती, आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर असं काही होतं की मला ते विझवणं जमेना. निदान मी तेव्हा स्वतःला असं सांगितलं. खरं कारण हेही होतं की मला लाज वाटली, आणि शाबासकी समोर आयती ताटात वाढलेली होती.

“हाँ,” मी म्हटलं.

मरियम संतापली. या गरमीत माझ्या वडिलांना बसवणार? कुणाला विचारून? बू राशिदनी तिचा हात थोपटला आणि म्हणाले, “यल्ला.” चला.

एरवी मी काचेपलीकडे बसायचो. त्या दिवशी पियानोच्या मागेच जमिनीवर बसलो, एखादी तार घसरली तर हाताशी असावं म्हणून. दार लागलं. दिवा लाल झाला. आणि मला कळलं की इतक्या वर्षांत मी हा हॉल खऱ्या अर्थाने शांत कधी ऐकलाच नव्हता. एरवी एसी नुकताच बंद झालेला असायचा आणि त्याचे पत्रे गार-गरम होत टकटकत असायचे. आज काहीच नव्हतं.

रॉडेलने बासवर दोन सूर धरले. हमदने पायाला घुंगुरं बांधून ड्रमऐवजी मातीच्या घड्यावर थाप दिली. बू राशिदनी उजव्या हाताने दोर ओढायची ती चाल सुरू केली, इतकी सावकाश की मला वाटलं विसरले. डावा हात त्यांनी खाली एकाच सुरावर ठेवला होता आणि तो कापत होता. त्यांनी तो थांबवायचा प्रयत्नच केला नाही. तो सूर तसाच थरथरत राहिला, आणि वरची चाल त्याच्यावर ये-जा करत राहिली. वीस मिनिटं झाली, मी घड्याळात पाहिलं. सवयीने दोन बोटं उचलायला हात वर गेला, तो तसाच डोळ्यांवर नेला. घाम होता आणि पाणीही होतं. रुमाल काढायला खिशात हात घातला, डोळे पुसले आणि परत बसलो.

सदतीस मिनिटं. एकच टेक. शेवटी चालीवर परत आले तेव्हा दोर पाण्यातून वर आला होता, हे मलाही कळलं. मला वडील आठवले. त्यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं फार वाटलं.

मग बू राशिद उठायला गेले आणि खाली बसले. चेहरा पांढरा पडलेला. आम्ही उचलून बाहेर नेलं, मरियमने गाडी काढली. दोन दिवस ते हॉस्पिटलमध्ये सलाईनवर होते. तिसऱ्या दिवशी रॉडेल मनिलाला गेला. मी भेटायला गेलो तर मरियम खोलीच्या दारातच उभी राहिली. “तुम्ही हुशार आहात,” ती इंग्रजीत म्हणाली, “तुम्हाला गाणं हवं होतं, मला माझे वडील हवे होते.” मी तसाच परत आलो.

अल्बम निघाला. त्या सदतीस मिनिटांनीच तो भरलेला होता, मागे दोन छोट्या चाली. कव्हरच्या मागे बू राशिदनी लिहायला लावलं होतं, ‘ज्याने माझ्यासाठी एसी बंद केला त्या बू मुकय्यिफला.’ लोक फोन करायला लागले. बाहेरगावचे वाजवणारे विचारायला लागले की ती ‘बिनएसीची पद्धत’ काय आहे. एक फ्रेंच माणूस तर मुद्दाम ऑगस्टात आला आणि म्हणाला, मलाही तसंच हवं. नवव्या मिनिटाला दार उघडून बाहेर पळाला. मालकांनी माझी दोन शब्दांत तारीफ केली, आणि ते एरवी एकही शब्द खर्च करत नसत. जोशींनी कुठे ब्र काढला नाही. फक्त फोनवर मराठी कीबोर्ड टाकून घेतला.

मी घरात मात्र सांगितलं होतं. माझी बायको निर्मला मलकापूरची. ती म्हणाली, “कौतुक घ्याले बरे पुढं झाले. आता तं सांगून टाका ना त्या बुड्याले.” प्रज्ञा म्हणाली, “आय टोल्ड यू, बाबा. बँड.” त्यानंतर मी तिचं मराठी कधी दुरुस्त केलं नाही.

पण बू राशिदना मी काही सांगितलं नाही. त्यांच्या डाव्या हाताने त्यानंतर पियानो सोडलाच. तो अल्बम पहिला आणि शेवटचा ठरला, आणि त्याच्या पाठीवर माझं खोटं छापलेलं होतं. त्यांच्याकडे जायचं म्हटलं की पाय अडायचे. वर्षातून एकदा ईदला फोन करायचो, तो मरियम उचलायची आणि एक शब्द न बोलता त्यांच्याकडे द्यायची.

यंदा जूनमध्ये माझी नोकरी संपली. रेसिडेन्ट कार्ड जमा करायचं, सामान बांधायचं, महिनाअखेरीला भुसावळ. निर्मला म्हणाली, “आता नाई गेले तं कवा जासान?” मी बुसैतीनला त्यांच्या घरी गेलो.

मरियमने दार उघडलं. मला बघून थांबली, मग बाजूला झाली. बू राशिद खिडकीशी खुर्चीत होते, अंगावर शाल, कारण खोली एसीने गारठलेली. डावा हात मांडीवर सारखा हलत होता. मला बघून हसले आणि सावकाश म्हणाले, “बू मुकय्यिफ.”

मी बसलो नाही. उभ्याउभ्याच बोलून टाकलं, नाहीतर परत राहिलं असतं. “बू राशिद, उस दिन एसी मैंने आपके वास्ते बंद नहीं किया था. गलती से बंद था. मैंने मेसेज गलत पढ़ा. मैं आप से झूठ बोला.”

“मालूम,” ते म्हणाले.

“जोशी ने बताया?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “मिस्मार.” मला कळलं नाही, तेव्हा बोट भिंतीत रुतवून दाखवलं. खिळा. मग शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, “दो साल मैं पियानो पे बैठके वो कीला देखता था. उधर तुम्हारा चाबी लटका है, मतलब मेरा टाइम कट रहा है. वो मेरा घड़ी था. उस दिन कीला खाली. तुम खुद बंद करता, तो चाबी उधर होता.”

“फिर बोले क्यों नहीं?”

“बोलता तो मरियम घर ले जाती. वो समझती, मशीन ख़राब है, चलो. तुम बोला, मेरे वास्ते है. फिर कैसे ले जाती?” ते हसले. “तुम झूठ बोला, मैं मान लिया. दोनों का काम हो गया.”

मरियम कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ट्रे ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, “म्हणजे तुम्ही ते मुद्दाम केलं नव्हतं.” मी म्हटलं, नाही. “इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही निर्दय आहात.” मग वडिलांकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाली, त्यातलं मला ‘यूबा’ एवढंच कळलं, म्हणजे बाबा. पण सूर रागावल्याचा होता आणि तो माझ्यावर नव्हता. तिने मला कॉफी ओतून दिली.

बू राशिदनी अल्बमकडे बोट केलं. मरियमने तो लावला. पहिला सूर येताच त्यांनी हात वर केला. “बन्निद.” हा त्यांचा इथला शब्द, आपल्या ‘बंद’चाच भाऊ. बंद कर. मरियम म्हणाली, यूबा, बाहेर केवढं ऊन आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, एसी बंद केला आणि येऊन त्यांच्याशेजारी बसलो.

खोली हळूहळू तापत गेली. त्यांनी शाल काढून टाकली. बास, घडा, ती सावकाश चाल, आणि खालचा थरथरता सूर. मांडीवरचा हात आणि तो सूर एकत्रच हलत होते. मधे कुठेतरी त्यांनी बोट उचललं, ऐक म्हणून. आणि मी ऐकलं. चालीच्या दोन ओळींमध्ये एक बारीक किणकिण. ती मी आधी अनेकदा ऐकली होती. सगळ्यांना वाटायचं हमदची घुंगुरं आहेत. मलाही तेच वाटायचं.

“तुम्हारा चाबी,” बू राशिद म्हणाले. “जेब में.”

मी रुमाल काढला होता तेव्हाचा आवाज. माझी चूक पहिल्या दिवसापासून त्या अल्बमवर वाजत होती. ज्याला किल्लीचा आवाज ओळखता येत होता त्याने ती ऐकली होती, आणि तरी मागे माझं नाव लिहायला लावलं होतं. मी त्यांचा हात धरला. तो माझ्या हातातही कापत राहिला.

संपल्यावर निघायला उठलो. खिसे चाचपले तर गाडीची किल्ली नाही. खुर्चीखाली पाहिलं, कॉफीच्या ट्रेमागे पाहिलं. मरियम हसायला लागली आणि तिने भिंतीकडे बोट केलं. एसीच्या स्विचशेजारी कॅलेंडरचा खिळा होता आणि माझी किल्ली त्याला लटकत होती. मी ती कधी अडकवली मला आठवेना.

बू राशिदही तिकडेच बघत होते. घामाने त्यांचा सदरा भिजला होता.

“आज,” ते म्हणाले, “मेरे वास्ते बंद किया.”

“हाँ,” मी म्हटलं.